पांढरं म्हणजे कुठलं

एल्गुजानं लॅपटॉप काउंटरवर ठेवला
ताप आलेलं कोकरू ठेवावं तसा.
"गुलाबी झालाय."
कधीपासून?
"आठवत नाही. हळूहळू."
हळूहळू झालेलं कुणालाच आठवत नाही.

कुताइसीत, रिओनीवरच्या पुलापासून तिसरं दुकान माझं.
पाटीवरच्या नावाचं पहिलं अक्षर गळालंय,
तरी लोक लामझिरा अशीच हाक मारत आत येतात,
आणि आपला दोष आधीच ठरवून येतात:
व्हायरस, बायको, नवा अपडेट.

मी आधी सोपं ते विचारते.
रात्रीचा उबदार उजेड चालू राहिला होता का? नाही.
रंगांची जुनी फाईल काढून बघितली. तसाच.
मग बाहेरचा मॉनिटर जोडला, आणि तिथे
स्वानेतीचा बर्फ बर्फासारखा होता,
नवरीचा झगा दुधासारखा.
म्हणजे याचं डोकं ठिकाणावर आहे.
दुखणं मानेत.

झाकण बोटभर मागे कलवलं.
गुलाबी थरथरला, विझला,
पुन्हा आला,
खोटं पकडलं गेल्यावर माणसाच्या कानांवर येतो तसा.
बिजागरात रोज दुमडून दुमडून
केबल आतून फाटली होती,
हिरवा वाहून नेणारी तार घरी पोचत नव्हती.
हिरवं वजा केलं की उरतं ते हेच:
सगळ्यांच्या गालावर उगाच लाली.

समोरचा झुराब असल्या वेळी आख्खा पडदा बदलतो.
रोग रेड्याला, डाग पखालीला,
आणि पैसे दोघांचे.

केबल तिबिलिसीहून आली, मिनीबसच्या ड्रायव्हरकडे,
अक्रोडांच्या पिशवीत.
चौदा स्क्रू, त्यातले दोन रबराखाली लपलेले,
सगळे बशीत.
पिना पुसायचं स्पिरिट संपत आलं होतं.
एल्गुजानं खिशातून द्राक्षाच्या दारूची चपटी काढली.
पिनांना नको, म्हटलं,
आपल्याला चालेल.

मग पडदा लागला. पांढरा.
मी "झालं" म्हणाले आणि तो काहीच म्हणाला नाही.

फोटो उघडत गेला.
वसंतापासूनची सात लग्नं.
नवरे हिरवट, करवल्या हिरवट,
शिंगातून वाइन पिणारा व्याही
शेवाळलेल्या दगडासारखा.
रात्र रात्र बसून त्यानं प्रत्येक चेहऱ्यातून
नसलेला गुलाबी उपसून काढला होता,
फार निगुतीनं,
पापण्यांपर्यंत.

"कुणी काही बोललं नाही?"
"एक मुलगी म्हणाली, वडील आजारी दिसतात.
मी म्हणालो, मंडपातला उजेडच तसा होता."
थांबला.
"नोव्हेंबरात गेले ते."

मी केबलचा जुना तुकडा बोटाला गुंडाळत राहिले.
त्यानं मूळ फोटो शोधला, हात न लावलेला.
वडील तांबूस होते. हसत होते.
हनुवटीवर वाइनचा थेंब.

"आता हा तरी खरं सांगतोय का?"
मी पावतीचा कागद पडद्याशेजारी धरला.
कागद पिवळसर दिसला.
मग पिठाची पुडी उघडली: ती करडी.
खिडकीतला रिओनीचा धोंडा आणला, ज्याला आम्ही
लहानपणापासून पांढरा म्हणतो.
त्याच्यात निळ्या शिरा होत्या.
तिन्हींमध्ये एकमत होईना.

"छापून देतो तिला," एल्गुजा म्हणाला,
"पण काय सांगून देऊ?
की तेव्हा ते बरे होते?"
मला फक्त केबलींचं कळतं.
चाळीस लारी सांगितले, त्यानं पन्नास ठेवले,
आणि चार्जर विसरून गेला.

येईल परत.
तोवर दुकानात कुणी नाही.
माझ्या फोनमध्ये मुलीचा बातुमीहून आलेला फोटो आहे,
गेल्या आठवड्यातला. मी लिहिलं होतं,
छान दिसतेस, तब्येत सुधारली.
आता फोन कागदाशेजारी धरून
बघते आहे.